हसबनीसांची झोप

श्रीरंग हसबनीसांची झोप अख्ख्या कराडात प्रसिद्ध होती. शाळेत ते भूगोल शिकवत. परीक्षेला पर्यवेक्षक म्हणून विद्यार्थ्यांकडून त्यांना खास मागणी असे, कारण प्रश्नपत्रिका वाटून झाल्या की सर खुर्चीत बसत आणि थेट शेवटच्या घंटेला उठत. एकदा भूकंपाने सगळी गल्ली मैदानात धावली, तेव्हा हे आत होते. सकाळी बाहेर येऊन त्यांनी एवढंच विचारलं, की आज दूधवाला का आला नाही. स्वतःच्या साखरपुड्यात त्यांना डुलकी लागलेली नवरीमुलीच्या मामांनी पाहिली आणि ‘मुलगा शांत आहे’ असा अभिप्राय दिला. त्यांची बायको मात्र जन्मभर म्हणत राहिली, की माणसाने कशात तरी नाव काढावं हे खरं, पण नाव काढायला निदान जागं राहावं लागावं.

बायको गेल्यावर ते मुलाकडे, उलव्याला राहायला आले. आणि सत्तरीच्या उंबरठ्यावर, ज्या वयात लोकांची आहे ती नोकरी जाऊन बराच काळ लोटलेला असतो, त्यांना त्या झोपेवर नोकरी लागली.

ती लावली त्यांच्या सुनेने. ऋजुता ‘नभांग एअर’मध्ये सहवैमानिक होती. कॅप्टन व्हायला तिला एक चाचणी उड्डाण तेवढं बाकी होतं.

प्रकरण समजायला थोडं विज्ञान सांगायला हवं. दिवसभर विचार करून मेंदूत गाळ साचतो. हे अलंकारिक बोलणं नव्हे. पेशी काम करतात, त्यांचा कचरा होतो, आणि गाढ झोपेत मेंदूभोवतीचं पाणी आत शिरून तो धुऊन नेतं. एवढं पूर्वीच ठाऊक होतं. नंतर कळलं ते असं, की नुसत्या पाण्याने हे भागत नाही. गाढ झोपेत मेंदूच्या अस्तरातल्या पेशी एक प्रथिन सोडतात आणि ते चिकटलेला गाळ सुटा करतं. तेलकट भांड्याला राख लावावी तसं. त्याला नाव मिळालं क्षालक. गाढ झोपलेल्या माणसाच्या रक्तात ते थोडं उतरतं. दंडावर चकती लावून ते गाळून घेता येतं, थंड ठेवलं तर दिवसभर टिकतं, आणि दुसऱ्याच्या नाकात फवारलं की त्याच्या मेंदूची धुलाई तो जागा असतानाच उरकते. तोंड धुऊन, चहा घेऊन माणूस बसतो तसा तो ताजातवाना होतो. कारखान्यात क्षालक बनवायचे बरेच प्रयत्न झाले, पण त्या प्रथिनाची घडी नीट बसेना. ते नीट बनवणारं एकच यंत्र सापडलं. ते घोरत होतं.

विमान कंपन्यांनी यातून स्वतःपुरता निष्कर्ष काढला. पूर्वी वैमानिकाला ‘मी थकलोय, आज उडवत नाही’ असं म्हणायची मुभा होती. कंपनी तोंड वाकडं करी, पण दुसरा माणूस शोधी. आता थकवा ही अवस्था उरलीच नव्हती, तो पूर्वतयारीचा अभाव ठरला. नियमांतून त्याचं कलम गेलं. आजारपणाची रजा राहिली, पण तिला आजार लागे, आणि थकवा हा आजार नव्हता. प्रत्येक वैमानिकाने आपल्यासाठी झोपणारा एक माणूस नेमावा, असं ठरलं. त्याचं कागदोपत्री नाव ‘पूरक निद्रक’. वैमानिक त्याला उशी म्हणत.

“तुझी उशी कोण?” हा ड्यूटीवर नव्या माणसाला विचारायचा पहिला प्रश्न झाला. कोणाची बायको उशी होती, कोणाचा बेकार मेव्हणा. काहींनी गावाकडून लांबचे भाऊ आणून ठेवले होते. त्यांना जेवायचं आणि झोपायचं, एवढंच काम. कॅप्टन सोढींच्या उशीने प्रेमात पडून लग्न केलं आणि तिची झोपच उडाली, तेव्हापासून सोढी जमिनीवर होते. उशीला सर्दी झाली तर तिची रजा वैमानिकाच्या खात्यातून वजा होई.

क्षालकाची जुळणी रक्ताच्या नात्यावर ठरत नाही, नशिबावर ठरते. ऋजुताच्या आईची जुळली नाही. नवऱ्याची, मकरंदची, जुळली. पण तो दंतवैद्य. रात्रभर दात खात झोपायचा. त्याच्या अहवालावर शेरा आला, ‘घरगुती वापरापुरती’. मग, हरकत काय, म्हणून सासऱ्यांची तपासणी केली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी ती पुन्हा केली आणि वरच्या साहेबांना बोलावून आणलं. असा आलेख त्यांनी फक्त अस्वलांचा पाहिला होता.

हसबनीसांना, म्हणजे घरातल्या बाबांना, गळ्यात अडकवायचं कार्ड मिळालं. त्यावर फोटो, नाव आणि खाली ‘उड्डाण विभाग’. ते कार्ड घालून ते भाजी आणायला जात.

*

घरात एक रीत होती. सकाळच्या चहाला बाबा रात्रीचं स्वप्न सांगत. कराडपासूनची सवय. ऋजुता लग्न होऊन आली तेव्हा तिला हे विचित्र वाटलं होतं, मग त्याशिवाय चहा गोड लागेना. बाबांची स्वप्नं अस्सल होती, म्हणजे त्यांना शेंडाबुडखा नसे.

“मी कलिंगडं विकत होतो,” ते सांगत, “पण कलिंगडं म्हणजे माझे मावसभाऊ. सगळ्यांना पोहायला जायचं होतं आणि पाणी वरच्या मजल्यावर. मी म्हटलं पास काढा. तर पास म्हणजे शेवग्याची शेंग.”

“मग?”

“मग काही नाही. जाग आली.”

चकती दंडाला लागल्यावर आणखी एक रीत सुरू झाली. तिने एकदा त्यांना सांगितलं होतं, की कॉकपिटमध्ये दोघे असतात, पण विमान एका वेळी एकाच्याच हातात असतं. ते दुसऱ्याला द्यायचं तर आधी म्हणायचं ‘यू हॅव कंट्रोल्स’. समोरच्याने ‘आय हॅव कंट्रोल्स’ म्हणेपर्यंत सोडायचं नाही. दोघांनी धरलं तरी चालत नाही, आणि दोघांनी सोडलं तर मग बोलायलाच नको. जुन्या अपघातांच्या चौकशीत असं निघालं होतं, की याला वाटलं त्याच्याकडे आहे, त्याला वाटलं याच्याकडे, आणि विमान आपलं आपण चाललं होतं.

बाबांना हे फार आवडलं. रोज घरातून निघताना ते तिच्या हातात फ्लास्क देत. अंगठ्याएवढा स्टीलचा फ्लास्क, तो डब्याच्या पिशवीत पोळीभाजीच्या शेजारी बसे. देताना म्हणत, “तुझ्याकडे.” ती म्हणे, “माझ्याकडे.” मगच त्यांची बोटं सुटत. घरी परत आल्यावर ती रिकामा फ्लास्क द्यायची. “तुमच्याकडे.” “माझ्याकडे,” म्हणत ते तो विसळायला घेत आणि पुढच्या झोपेच्या तयारीला लागत. तयारी म्हणजे काय, तर चष्मा काढून ठेवणं.

तिचं छान चाललं होतं. पहाटेचं दिल्ली, दुपारचं कोची, पुन्हा पहाटेचं गुवाहाटी. ड्यूटीला जाण्याआधी एका नळीत डोळे लावून बघावं लागे. यंत्र बुबुळांची हालचाल मोजून हिरवा किंवा लाल दिवा लावी. फवारा घेतला की दिवा हिरवा. तिच्या बॅचमध्ये लाल न आलेली ती एकटीच होती. वर्गात पहिल्या आलेल्या मुलासारखं लोक तिच्याकडे बघत, आणि विचारत, की तुझ्या सासऱ्यांना आणखी कोणी भाऊ आहे का.

*

मग एका सकाळी बाबांनी माळ्याचं स्वप्न सांगितलं.

एक म्हातारा माळी होता. जन्मभर त्याने दुसऱ्यांच्या बागांना पाणी घातलं. शेवटी त्याच्याच विहिरीचं पाणी आटलं, तेव्हा त्या सगळ्या बागा चालत त्याच्या दारात आल्या आणि त्याच्यावर सावली धरून उभ्या राहिल्या.

मकरंद म्हणाला, वा, काय सुंदर स्वप्न आहे. तो क्लिनिकला गेला. ऋजुता मात्र कप हातात धरून बसली. दिवसभर तिला काहीतरी टोचत राहिलं, आणि काय टोचतंय ते कळलं तेव्हा ती लखनौच्या धावपट्टीवर उतरत होती. स्वप्नाला सुरुवात होती. मध्य होता. शेवट होता. तात्पर्यसुद्धा होतं.

त्यानंतर ती कान देऊन ऐकू लागली. दुसऱ्या दिवशी दोन भावांची गोष्ट आली, त्यात धाकटा प्रामाणिक निघाला. मग एका पोपटाची, त्यात गर्वाचं घर खाली झालं. स्वप्नं इतकी शहाणी नसतात. ज्या माणसाचे मावसभाऊ कलिंगडं होते, त्याचा पोपट असा सरळ वागणार नाही. बाबा स्वप्नं रचत होते. बहुधा आदल्या संध्याकाळी.

रविवारी दुपारी टीव्हीवर धरणातून पाणी सोडल्याची बातमी होती. कॅमेरा कराडच्या संगमावर गेला. बाबा सावरून बसले. हा त्यांचा हक्काचा विषय. दर वर्षी ते एक तुकडी घेऊन त्या घाटावर जात आणि पाण्याकडे हात करून तास घेत. “हे बघ,” ते म्हणाले, “नद्या एकमेकींना बाजूने येऊन मिळतात. इथे समोरासमोर येतात. अशा.” त्यांनी दोन हात एकमेकांवर आणले. “इकडून कृष्णा. आणि इकडून ती...”

हात तसेच राहिले.

“ती दुसरी,” ते म्हणाले.

ऋजुताने नाव सांगितलं नाही. येईल, असं तिला वाटलं. बाबा टीव्हीकडे बघत राहिले, मग हसले आणि म्हणाले, की ओठांवर आहे. बातम्या संपून जाहिराती लागल्या तरी ते ओठांवरच होतं. शेवटी ते उठले, आणि मला जरा पडायचंय, ड्यूटी आहे, असं सांगून आत गेले.

कराडमध्ये जन्म काढलेल्या भूगोलाच्या मास्तरला कोयना आठवत नव्हती.

*

कंपनीच्या निद्रा विभागात डॉक्टर आढाव म्हणून एक सौम्य गृहस्थ होते. तिने विचारण्याआधीच त्यांनी स्क्रीनवर बाबांचे आलेख काढले आणि मालाचा दर्जा उत्तम असल्याचं सांगितलं. ती म्हणाली, मालाचं विचारत नाहीये. ज्याच्याकडून येतो त्याचं काय? त्यावर ते म्हणाले, की पुरवठाही नियमित आहे.

मग तिने स्वप्नांचं सांगितलं. आढावांनी चष्मा काढून पुसला. रात्री मेंदू आधी धुणं उरकतो आणि मग स्वप्नं बघतो, असं त्यांनी समजावलं. क्षालक काढून घेतलं की धुणं संपतच नाही. माणूस गाढ झोपलेला दिसतो, आलेख झकास येतो, पण आत बिचारा मेंदू राखेवाचून रात्रभर त्याच त्या भांड्यावर हात फिरवत बसतो. स्वप्नाला वेळच उरत नाही. तरुण शरीर क्षालकाची भर टाकतं. म्हाताऱ्याचंही टाकतं, काही काळ.

“म्हणजे स्वप्न न पडणं हे पहिलं लक्षण,” ती म्हणाली.

“स्वप्न मोजता येत नाही, मॅडम. मोजता येत नाही ते आमच्या विभागात येत नाही.” त्यांनी दाराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. “माझी आई माझ्या भावाची उशी आहे. अजून छान झोपते. कोणासाठी, ते तिला आता सांगता येत नाही.”

“थांबवलं तर परत येतं?”

“लवकर थांबवलं तर काहींचं थोडं येतं.” चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढला आणि आवाज पुन्हा विभागाचा झाला. निद्रक बदलायचा असल्यास नवी जुळणी सापडेपर्यंत तिचं नाव कॅप्टनच्या यादीतून खाली जाईल, एवढी कल्पना असू द्यावी. चाचणी येत्या गुरुवारीच आहे ना?

घरी तिने मकरंदला सगळं सांगितलं. तो बराच वेळ सिंकपाशी उभा राहून हात धूत होता. मग म्हणाला, की नाव कोणीही विसरतं, तोही पेशंटची नावं विसरतो. तिने विचारलं, दातांचीही विसरतोस का. त्याने नळ बंद केला. जरा वेळाने म्हणाला, की आई असताना बाबांना झोपेवरून रोज ऐकून घ्यावं लागायचं. आत्ता कुठे ते ताठ मानेने झोपतात. ते त्यांच्याकडून काढून घ्यायचं असेल तर तूच घे, माझ्याने होणार नाही.

तिने बाबांनाच विचारलं. दुपारी, ते चकती लावायच्या तयारीत असताना, सरळ विचारलं, की बाबा, शेवटचं खरं स्वप्न कधी पडलं?

बाबा चष्म्याची काडी उघडमीट करत राहिले. मग म्हणाले, “कळलं होय तुला. पोपट जरा जास्त झाला.”

“हे थांबवू या.”

“ऐक माझं. जन्मभर मला जो तो उठवत आला. आई, बायको, हेडमास्तर. पहिल्यांदा कोणीतरी म्हणालं, श्रीरंग, तू झोप, तुझ्या झोपण्याने कोणाचं तरी काम होतंय. वर एवढी माणसं घेऊन तू फिरतेस, तर वाटतं मीही आहे तिथे, मागच्या सीटवर. गुरुवार होऊ दे. तू कॅप्टन हो. मग बघू.”

“बाबा, त्या नदीचं नाव काय?”

त्यांनी प्रामाणिकपणे प्रयत्न केला, हे तिला दिसलं. कपाळावरची शीर वर आली.

“गुरुवार होऊ दे,” ते म्हणाले.

आणि ती हो म्हणाली. वाईट याचं वाटावं, की तिला ते मनातून बरं वाटलं. चाचणी पुन्हा मिळायला वर्ष गेलं असतं, दोनही गेली असती. फक्त गुरुवारपर्यंत, असं तिने स्वतःला बजावलं.

*

गुरुवारी बाबा तिच्या आधी तयार होते. इस्त्रीचा सदरा, त्यावर कार्ड. त्यांनी फ्लास्क तिच्या हातात दिला.

“तुझ्याकडे.”

“माझ्याकडे,” ती म्हणाली. बोटं सुटली.

विमानतळावर नळीपाशी रांग होती. सगळे आपापले फ्लास्क काढून नाकात फवारे मारत होते, देवळात तीर्थ घ्यावं तसे, कोणी कोणाकडे न बघता. लागोपाठ पहाटे उठून ऋजुताच्या डोळ्यांत वाळू भरल्यासारखी झाली होती. तिने फ्लास्कचं झाकण उघडलं. आत घोटभर पाणी, त्याला रंग नाही, वास नाही. ही बाबांची कालची रात्र होती. हिच्यातच कुठेतरी ते नाव विरघळलंय, असं तिच्या मनात आलं. शास्त्रीयदृष्ट्या हे चूक होतं. क्षालकात नावं नसतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तरी तिने हातातला फ्लास्क कानाजवळ नेऊन हलवला.

आणि तेव्हा तिला स्वतःची चूक कळली. थकवा तिचा होता. तो तिने बाबांकडे दिला; बाबांना वाटलं, आपण धरलाय. पण बाबांच्या हातांत धरायची ताकद उरली नव्हती, आणि तिने तर केव्हाच सोडला होता. तो कोणाच्याच हातात नव्हता. विमान आपलं आपण चाललं होतं. शिकाऊ पोरालाही माफ होत नाही अशी ही चूक, आणि ती तिने घरात, चहाच्या टेबलावर, रोज दोन्ही वाक्यं नीट म्हणून केली होती.

तिने झाकण लावलं आणि फवारा न घेता नळीला डोळे लावले.

लाल.

रांग थांबली. भिंतीवरचा फोन वाजला. ड्यूट्या लावणाऱ्या रोस्टर विभागातला पाठक नावाचा तरुण होता. आवाज नम्र.

“मॅडम, तुमचं लाल आलंय.”

“बरोबर आहे. मी थकलेय.”

पलीकडे की-बोर्डचा आवाज. “आजारी आहात?”

“नाही.”

“घरी कोणी गेलं का?”

“नाही.”

“मग उशी आजारी असेल.”

“उशी झोपून आली आहे. फ्लास्क माझ्या हातात आहे. भरलेला.”

“मग अडचण काय आहे, मॅडम?”

“मी थकलेय. मला झोपायचंय. माझं मी.”

पाठक की-बोर्डवर काहीतरी शोधत राहिला. मग म्हणाला, “तसा पर्याय नाहीये इथे.”

“पूर्वी होता.”

“पूर्वी पेजरही होते, मॅडम.” त्याने श्वास घेतला. “चाचणी आहे तुमची. कॅप्टन वाट बघतायत. फवारा मारा ना. मी लाल पुसतो.”

“नको. पुसू नका.”

मग एकदम खालच्या, घरच्या आवाजात त्याने विचारलं, “कारणात ‘इतर’ टाकू?”

“टाका,” ती म्हणाली.

चाचणी घेणारे कॅप्टन काचेपलीकडून सगळं बघत होते. पांढऱ्या मिशांचे, निवृत्तीला आलेले. ते आत आले नाहीत, रागावलेही नाहीत. त्यांनी स्वतःचा फ्लास्क खिशातून काढला, जरा वेळ तळहातावर धरून पाहिला, आणि परत ठेवला. तिच्या जागी दुसऱ्याला बोलावण्यात आलं. विमान उशिरा सुटलं. प्रवाशांना तांत्रिक कारण सांगितलं, आणि या एका बाबतीत कंपनी अगदीच खोटं बोलली असं म्हणता येणार नाही.

*

बाबांनी दार उघडलं ते हातात पेढ्यांचा बॉक्स घेऊन. तिला इतक्या लवकर परत आलेली पाहून त्यांनी आधी घड्याळाकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“विमान?”

“गेलं. मला न घेता.”

ते खुर्चीवर बसले. बॉक्स मांडीवरच राहिला. तिने सगळं सांगितलं. लाल दिवा, पाठक, ‘इतर’. यादीतून नाव गेलं, हेही सांगितलं. ते रागावतील असं तिला वाटलं होतं. त्यांनी फक्त छातीवरचं कार्ड चाचपलं.

“मग हे द्यावं लागेल परत.”

“हो, बाबा.”

“फोटो बरा आलाय,” ते म्हणाले. त्यांनी ते गळ्यातून काढलं, दोरी नीट गुंडाळली आणि टेबलावर ठेवलं. ठेवल्यावर पुन्हा थोडं सरळ केलं. ऋजुताला त्या क्षणी वाटलं, की आपण नळीला डोळे लावायलाच नको होते.

मग तिने पिशवीतून फ्लास्क काढला. भरलेला, अजून गार. त्यांच्यासमोर धरला.

“तुमच्याकडे.”

त्यांना आधी समजलं नाही. समजलं तेव्हा ते मान हलवू लागले. ते तुझं आहे, म्हणाले, ते मी तुझ्यासाठी काढलंय, ते मला कशाला. ती हात पुढे धरून तशीच उभी राहिली. समोरचा म्हणेपर्यंत सोडायचं नाही, हा नियम दोघांनाही पाठ होता. तिचा हात भरून आला. डोळे मिटत होते, ते ती उघडत होती. बाबांनी ते पाहिलं. भर दिवसा, समोर उभ्या माणसाला झोप येत असलेली त्यांनी पहिल्यांदाच अशी जवळून पाहिली असावी. बहुतेक वेळा ते स्वतः झोपलेले असत.

“माझ्याकडे,” ते शेवटी म्हणाले.

स्वतःचीच झोप त्यांनी स्वतःच्या नाकात फवारली आणि लहान मुलासारखे शिंकले. यथावकाश कंपनीने या कृत्याला ‘उड्डाण साहित्याचा अपहार’ असं म्हटलं आणि ऋजुताचं निलंबन केलं. त्याच महिन्यात रोस्टरच्या स्क्रीनवर ‘इतर’ या कारणाखाली आणखी काही नावं आली. पांढऱ्या मिशांच्या कॅप्टनचं त्यांत होतं. कंपनीने मग ‘इतर’ काढून टाकलं. पण ते सगळं पुढे. त्या दिवशी संध्याकाळी मकरंद घरी आला तेव्हा बाबा खाटेवर झोपले होते, दंड उघडा, चकतीवाचून. आणि सोफ्यावर, बूटसुद्धा न काढता, ऋजुता. त्याने तिचे बूट काढले, दिवा घालवला आणि स्वयंपाकघरात जाऊन एकट्याने पेढा खाल्ला.

सकाळी चहा झाला. बाबा कप घेऊन बसले. कोणीच काही विचारलं नाही. ऋजुता टेबलावरच्या कार्डाकडे बघत होती. आता पोपट येईल, किंवा माळी, आणि आपण वा म्हणायचं, असं तिने ठरवलं होतं. आढाव म्हणालेच होते, काहींचं, थोडं.

“एक उंट होता,” बाबा म्हणाले.

मकरंदने कप खाली ठेवला.

“आमच्या शाळेत पर्यवेक्षक म्हणून आला होता. म्हणजे तो उंट म्हणजे तूच होतीस, पण तू नव्हतीस. सगळ्यांना इडल्या वाटायच्या होत्या आणि इडल्या ओल्या, कारण त्या खडूच्या. मग उंटाने खिशातून कोयना काढली. घडी घातलेली, रुमालासारखी. आणि म्हणाला, ही कोणाची राहिली? तर मागच्या बाकावरून बसचा कंडक्टर म्हणाला, जिना आंबट आहे.”

ऋजुताने ते सगळ्या बाजूंनी तपासून पाहिलं. सुरुवात नव्हती, मध्य नव्हता. कुठल्याही टोकाला तात्पर्य लागत नव्हतं.

“मग?” तिने विचारलं. “मग काय झालं, बाबा?”

“मग काही नाही. जाग आली.”

“घडी कसली होती म्हणालात?”

बाबांनी तिच्याकडे पाहिलं. वर्गात लक्ष नसलेल्या मुलीकडे बघावं तसं.

“कोयनेची गं,” ते म्हणाले. “आपली कोयना. समोरून येते ती.”